बावीस किलो लोखंड, तीन किलो युरिया

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी आणि पवनचक्की ठरलेले असतात. अलीकडे त्यांच्या शेजारी नॅनोचंही एक टेबल लागतं. मागच्या खेपेला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या एका पोरानं बरणीत काळंकुट्ट पाणी आणलं होतं. चहापत्तीचा काढा आणि त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट. "सर, लोखंडाचे नॅनोकण हायेत. पाण्यातलं नायट्रेट खातात." इंटरनेटवर ही कृती 'हरित पद्धत' म्हणून सापडते. मी त्या पाण्यात काडी बुडवून त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर रेघ ओढली. झकास उमटली. बरणीत नॅनोकण असले तर थोडेफार असतील, बाकी शाई होती. हिरडा, बाभळीची साल आणि हिराकस घालून आपले आजे-पणजे बोरूची शाई करायचे, तिचीच ही चहावाली आवृत्ती.

पोरगं हिरमुसलं, पण चिवट निघालं. दिवाळीनंतर ओळखीच्या एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत बसून त्यानं सोडियम बोरोहायड्राइड वापरून खरे कण केले. नळीला बाहेरून चुंबक लावलं की काळं ढग एका बाजूला सरकायचं. थोडे कण कागदावर उघडे ठेवले, ते सकाळपर्यंत तांबूस झाले. नायट्रेट घातलेलं पाणी त्यानं तासभर या कणांबरोबर हलवलं, गाळलं आणि तपासणीच्या किटमध्ये घातलं. आधी गडद गुलाबी येणारा रंग जेमतेम दिसेल इतका फिकट आला. पोरगं नाचायचंच बाकी होतं. मग मी त्याला बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमधली जुनी युक्ती करायला लावली. गाळलेल्या पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा घालून ते गरम करायचं आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरायचा. लिटमस निळा झाला. वासही आला, गोठ्यात सकाळी येतो तसा.

नायट्रेट गेलं होतं खरं, पण त्याचा अमोनिया झाला होता.

हा प्रसंग सांगायचं कारण असं की आता हा विषय प्रदर्शनापुरता राहिलेला नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटच्या बाबतीत देशातले सर्वांत वाईट पंधरा जिल्हे दिले आहेत. त्यात वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ हे चार विदर्भाचे आहेत. राज्यातल्या जवळपास ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर निघालं. आकडे पेपरात आले तसे उपाय विकणारेही आले. शेजारच्या गावात एक गृहस्थ गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक घेऊन ग्रामपंचायतीत बसून गेले. नॅनो तंत्रज्ञान, पाणी शंभर टक्के शुद्ध, देखभाल शून्य. सरपंचांनी मला विचारलं, घ्यावं का? त्यांना तोंडी जे सांगितलं तेच इथं सविस्तर मांडतो. गावाच्या नळयोजनेवर नॅनोधातूंचं यंत्र बसवायला माझा विरोध आहे. नॅनोधातूंवरच्या संशोधनाला नाही. दोन्हींमागचं कारण एकच आहे, आणि ते एका हिशेबात आहे.

आधी शास्त्राचं थोडं. लोखंड गंजतं म्हणजे ते इलेक्ट्रॉन सोडत असतं. साधा खिळाही हे करतो, पण खिळ्याचा पृष्ठभाग तो केवढा! तेच लोखंड मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून बारीक कणांत असलं की एका ग्रॅमचा पृष्ठभाग वीस-पंचवीस चौरस मीटर होतो, एखाद्या मोठ्या खोलीच्या फरशीएवढा. एवढ्या पृष्ठभागावर नायट्रेटला इलेक्ट्रॉन भराभर मिळतात, त्याचा ऑक्सिजन सुटतो, नत्राला हायड्रोजन चिकटतो आणि बहुतेक नत्र अमोनियाच्या रूपात पाण्यातच राहतं. पाण्याचा सामू (pH) चढतो. सामू चढला की आमच्या जड पाण्यातला चुना कणांवर बसतो. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही त्या पाण्यात हे कण किती दिवस टिकतील, याचा अंदाज कुठल्याही गृहिणीला करता येईल. (गंमत म्हणजे नायट्रेट तपासायच्या पुष्कळशा किटच्या पुडीतही धातूच असतो, जस्ताची भुकटी. ती नायट्रेटचं नायट्राइट करते, म्हणून गुलाबी रंग येतो. म्हणजे धातूनं नायट्रेट मोडण्याचा प्रयोग गावोगावी चालूच आहे, दहा मिलिलिटरवर.)

आता हिशेब. समजा दोन हजार वस्तीचं गाव आहे. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे एकूण १ लाख १० हजार लिटर. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट धरू. असल्या विहिरी आमच्याकडं हुडकाव्या लागत नाहीत. ते ४५ वर आणायचं तर रोज सहा किलो नायट्रेट मोडावं लागेल. समीकरणाप्रमाणे नायट्रेटच्या एका रेणूमागे लोखंडाचे चार अणू खर्ची पडतात. वजनात बोलायचं तर एक किलो नायट्रेटला साडेतीन किलोच्या वर लोखंड. म्हणजे रोज जवळपास २२ किलो, महिन्याला साडेसहा क्विंटल, आणि तेही एक कणही वाया गेला नाही तर. गंजून तयार होणारा तांबडा गाळ वेगळा. तो कुठं टाकायचा, ते माहितीपत्रकात नव्हतं.

हाच हिशेब उलट्या बाजूनं मांडला की खरी गोष्ट दिसते. त्या सहा किलो नायट्रेटमध्ये नत्र आहे १.३७ किलो. एवढं नत्र जेमतेम तीन किलो युरियात असतं. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, म्हणजे तीन किलोचे झाले अठरा रुपये. अठरा रुपयांच्या युरियाइतकं नत्र पाण्यातून काढायला रोज बावीस किलो नॅनोलोखंड लागतं, आणि एवढं करूनही ते नत्र पाण्याबाहेर जात नाहीच. ५५ मिलिग्रॅम नायट्रेट सगळं अमोनिया झालं तर लिटरमागे अमोनियाचं नत्र १२ मिलिग्रॅमच्या वर जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, त्याची मर्यादा अर्धा मिलिग्रॅम आहे. जवळपास पंचवीसपट! वर हा अमोनिया टीसीएलमधला, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरमधला, क्लोरीन खाऊन टाकतो, त्यामुळं जंतू मारायला काही शिल्लक राहत नाही. नायट्रेटपासून पोर वाचवायचं आणि जुलाबाच्या हवाली करायचं, असा हा सौदा आहे.

हे मी सांगितलं तेव्हा सरपंचांच्या शेजारी बसलेल्या बाई, ज्या किटनं पाणी तपासतात, त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "मंग सर, थे गेलं कुठी?" माझ्या मते पाणी शुद्ध करणाऱ्या प्रत्येक यंत्राला हा एकच प्रश्न विचारला तरी निम्मे विक्रेते पुढच्या गावाला निघून जातील.

मग जाणकार म्हणतात, पण आर्सेनिकला तर हे जमलं! जमलं आहे, आणि ते भारतातच जमलं आहे. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटानं केलेलं 'अमृत' नावाचं गाळणं लोहाच्या नॅनोरचनेवरच चालतं. पण तिथं आर्सेनिक लोहाच्या संयुगाला चिकटून बसतं, आणि मुळात त्याचं प्रमाण अगदी कमी असतं. आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५. साडेचार हजारपटींचा फरक आहे. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं, सहजासहजी साका होऊन खाली बसत नाही, चिकटतही नाही. एक चिमूट केशर निवडणं आणि एक पोतं तूर निवडणं, दोन्हीला निवडणंच म्हणतात, पण त्याला तेवढेच हात पुरत नाहीत.

दुसरा मार्ग पॅलेडियम आणि तांब्याचा. जर्मनीत १९८०च्या दशकाच्या अखेरीला हे पुढं आलं. तांब्याच्या संगतीनं नायट्रेटचं नायट्राइट होतं, पॅलेडियमवर त्याचा बराचसा भाग नत्रवायू होऊन हवेत जातो. धातू खर्ची पडत नाही, तो उत्प्रेरक म्हणून राहतो. बाईंच्या प्रश्नाला हे जास्त चांगलं उत्तर आहे. पण त्याला हायड्रोजन वायू लागतो, पॅलेडियम सोन्याच्या पंगतीत बसणारा धातू आहे, आणि पाण्यातल्या गंधकाच्या काही संयुगांनी तो निकामी होतो. ज्या गावात मोटारीचा स्टार्टर जळाला तर तीन दिवस टँकरची वाट पाहावी लागते, तिथं हायड्रोजनचं सिलिंडर कोण सांभाळणार? हा टोमणा नाही. जो जलसुरक्षक तुटपुंज्या मानधनावर टीसीएल टाकतो, त्याच्याच माथी हे काम येणार आहे.

तिसरी दिशा मला मनापासून आवडते, तेही सांगायला हवं. २०२२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी तांब्याच्या नॅनोतारांवर रुथेनियम पसरून विजेच्या साहाय्यानं नायट्रेटचा अमोनिया केला. आमच्या पोराच्या नळीत जो दोष निघाला, तेच इथं उत्पादन आहे. अमोनिया गोळा करायचा आणि खत म्हणून वापरायचा. पण वरचा अठरा रुपयांचा हिशेब आठवा, म्हणजे गावाच्या विहिरीवर खताचा कारखाना का निघणार नाही ते कळतं. त्याची जागा दुसरीकडं आहे, तिकडं येतोच.

नायट्रेट येतं कुठून? विदर्भात बोट लगेच युरियाकडं जातं, आणि ते चुकीचं नाही. एका पोत्यात पावणेएकवीस किलो नत्र असतं. ते सगळं नायट्रेट होऊन खाली उतरलं तर वीस लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेच्या टोकाला नेऊ शकतं. वीस फूट रुंद आणि वीस फूट पाणी असलेल्या अशा अकरा विहिरी भरतील. सगळं उतरत नाही, पिकाला मिळतं, हवेत उडतं. पण उतरतं तेव्हा आमची काळी माती त्याला अडवत नाही. मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात, नायट्रेटला धरत नाहीत. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, काही तर हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या. मृगाचा पहिला दमदार पाऊस त्या भेगांतून उन्हाळाभर साठलेलं नायट्रेट घेऊन तडक खाली जातो, आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या फटी त्याला विहिरीपर्यंत वाट करून देतात. पराटीला, म्हणजे कापसाच्या पिकाला, पाऊस बघून, हप्त्या-हप्त्यानं, डवरणीच्या मागं मातीआड खत देणारा शेतकरी आणि पहिल्या पावसात दोन्ही हातांनी भिरकावणारा शेतकरी, दोघांच्या पोत्यांची संख्या सारखी असली तरी विहिरीत सारखं उतरत नाही. आणि आमच्या शिवारात नॅनो म्हटलं की अजून २०२१ साली आलेली ती अर्ध्या लिटरची युरियाची बाटलीच आठवते. एका बाटलीत एका पोत्याचं काम, असं सांगत ती आली. ज्यांनी फवारली त्यांनी पोतंही टाकलं, 'राहू द्या, रिस्क कायले' म्हणून.

पण सगळा दोष शिवारावर टाकून गावठाणाला मोकळं सोडणं मला पटत नाही. पोरांना घेऊन दोन उन्हाळे आम्ही विहिरी तपासत फिरलो. गावठाणातल्या जुन्या विहिरींचं पाणी किटमध्ये गडद रंग देत होतं, शिवारातल्या विहिरी त्यामानानं फिकट होत्या. कारण बघायला किटही लागत नाही. विहिरीच्या काठावर उभं राहून चौफेर नजर फिरवायची. वीस पावलांवर उकिरडा, त्याला लागून गोठा, गोठ्याचं मूत वाहून जायची चरी विहिरीच्या उताराकडं, आणि पलीकडं नव्या संडासाचा शोषखड्डा. माणूस वर्षाला दोन-अडीच किलो नत्र शरीराबाहेर टाकतो. दोन हजार माणसांचे चार-पाच हजार किलो झाले, म्हणजे युरियाची दोनशे पोती. जनावरांचं वेगळं. पूर्वी यातलं बरंचसं शिवारभर पसरायचं. त्याचे रोग होते, बायकांची कुचंबणा होती, आणि ते दिवस परत यावेत असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण आता हे दोनशे पोती नत्र गावठाणाच्या काही एकरांत, जमिनीखाली, विहिरीच्या शेजारी जातं. संडास बांधताना खड्डा मोजला, अनुदान मोजलं, फोटो काढला. विहिरीपासूनचं अंतर कोणी मोजलं नाही.

आणि मग नळ आला. घराघरात तोट्या आल्या, ही मोठीच गोष्ट आहे. पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला विचारा. पण पुष्कळ ठिकाणी टाकी नवी, पाइप नवा, आणि पाणी त्याच विहिरीचं. टीसीएल टाकून नायट्रेट जात नाही. पाणी उकळलं तर ते उलट दाट होतं. वास नाही, रंग नाही, चव उलट बरी लागते. आमाले तं गोड लागते, असं लोक म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला, आमचे आजे हेच पाणी पीत होते. आज्यांच्या वेळी युरिया नव्हता, हे एक. दुसरं, धोका सगळ्यांना सारखा नाही. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉमली या डॉक्टरनं शेतावरच्या विहिरींच्या पाण्यानं निळी पडलेली तान्ही बाळं नोंदवली. नायट्रेटपासून झालेलं नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे सर्वांत जास्त जाणवतं, विशेषतः वरचं दूध पाण्यात कालवून पाजलं तर. अंगावर पिणारं बाळ बरंच सुरक्षित असतं. म्हणून घुटी आणि डब्याच्या दुधाचं पाणी कुठल्या विहिरीचं, एवढी एकच चौकशी अंगणवाडीनं केली तरी पहिला धोका पुष्कळ टळतो, आणि त्याला पैसा लागत नाही. मोठ्यांबद्दल म्हणायचं तर, पोटात नायट्रोसो संयुगं तयार होतील अशा परिस्थितीत शरीरात जाणारं नायट्रेट 'बहुधा कर्ककारक' आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० मध्ये नोंदवलं आहे. घाबरून जाण्याइतकं नाही, दुर्लक्ष करण्याइतकंही नाही.

उकिरडे हलवले, खड्डे नीट केले तरी विहीर एका पावसाळ्यात सुधारत नाही, हे मान्य. तोवर प्यायचं काय? इथं मी यंत्राला जागा देतो, पण माणशी पाच-दहा लिटरपुरती. पिणं आणि स्वयंपाक. म्हशी धुवायला आणि नाल्या वाहवायला शुद्ध पाण्याची गरज नसते. ५५ लिटरचा हट्ट सोडला की सगळे आकडे पाचपटीनं उतरतात. शिवारातली एखादी बरी विहीर फक्त पिण्यासाठी राखून ठेवली तर यंत्रही लागत नाही. ते जमत नसेल तिथं आरो आहेच. पाच रुपयांत कॅन, गावोगावी दिसतो.

फक्त त्या आरोच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. एका गावात मी गेलो. पुढं स्टीलचं चकचकीत मशीन, रांगेत निळे कॅन. मागून एक पांढरी नळी थेट नालीत सोडलेली. कॅनमध्ये जेवढं पाणी पडत होतं जवळपास तेवढंच त्या नळीतून वाहत होतं, आणि कॅनमधून काढलेलं बहुतेक सगळं नायट्रेट त्याच्यात होतं. नाली उताराला होती. उताराच्या टोकाला गावाची जुनी विहीर. म्हणजे विहिरीतून काढायचं, दाट करायचं आणि परत विहिरीच्या अंगणात सोडायचं. थे गेलं कुठी? कुठंच गेलं नाही.

नॅनोधातूंची खरी जागा या पांढऱ्या नळीवर आहे, असं माझं मत आहे. तिथं पाणी थोडं असतं, नायट्रेट दाट असतं आणि ते कोणी पिणार नसतं. अमोनिया झाला तरी चालतो, ते पाणी संत्र्याच्या झाडाला किंवा पराटीला मोजून देता येतं. नायट्रेट दाट असलं की विजेवर चालणाऱ्या उत्प्रेरकालाही काम करायला काही मिळतं. नागपूरला नीरीसारखी पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था १९५८ पासून आहे. फ्लोराइडसाठी गावात चालेल अशी तुरटी-चुन्याची साधी नालगोंडा पद्धत तिनंच दिली. वर्धा-यवतमाळच्या एखाद्या आरोच्या मागच्या नळीवर वर्षभराची चाचणी लावायला ती काही लांब नाही. शेतकऱ्याच्या पैशानं, ग्रामपंचायतीच्या निधीनं मात्र ही चाचणी होऊ नये. ज्याची वस्तू, त्यानं ती सिद्ध करावी.

सरपंचांनी शेवटी ते यंत्र घेतलं नाही. उकिरडे हलवायचा ठराव मात्र ग्रामसभेत आला तेव्हा जे व्हायचं तेच झालं. विहिरीच्या वरच्या अंगाला सात घरांचे उकिरडे आहेत. सातही जण म्हणाले, आधी त्यानं हलवावा. एक जण उठून म्हणाला, "माया एकट्याचाच काऊन दिसते तुमाले?" यंत्र आलं असतं तर फीत कापायला आमदार आले असते. उकिरड्याला कोण येणार? चर्चा पुढच्या सभेवर गेली आहे.

आमचं ते पोरगं आता बारावीला आहे. इस्रायलमध्ये १९९०च्या दशकात कच्च्या कापसावर जिवाणू वाढवून पाण्यातलं नायट्रेट काढायचे प्रयोग झाले होते, हे मी त्याला सांगितलं. त्या जिवाणूंना खायला कार्बन आणि जगायला बिनहवेची जागा मिळाली की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र हवेत सोडून देतात. त्यानं कापसाऐवजी पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडाच्या काड्या, घेतली. आमच्याकडं ती बांधावर जाळतात नाहीतर चुलीत घालतात. पऱ्हाटीचे बोटभर तुकडे करून त्यानं प्रयोगशाळेच्या मागं दोन निळ्या ड्रममध्ये ठासून भरले, तळ्याच्या गाळातलं बादलीभर पाणी विरजण म्हणून ओतलं, आणि रोज सायकलवर एक कॅन आरोचं मागच्या नळीचं पाणी आणून वरून थेंब थेंब सोडतं. तीन आठवडे झाले. खालून निघणाऱ्या पाण्याचा किटमधला रंग फिकट होत चालला आहे, आणि लिटमस लालच्या लाल राहतो. फक्त दुसऱ्या ड्रमला सडक्या अंड्यांसारखा वास सुटला आहे, शेजारच्या वर्गाची रोज तक्रार येते, आणि पाणी सोडायचा वेग वाढवायचा की पऱ्हाटी कमी करायची, यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.